अकाबाची बहीण आणि माझी

कॅनडाहून परत आल्यापासून बार्शीत भेटेल तो एकच विचारतो, "तो धबधबा बघितला का?" नाही बघितला. तीन आठवडे मी माँट्रियलला लागून असलेल्या ब्रॉसार्ड नावाच्या उपनगरात बहिणीकडे राहिलो आणि एकदा ओटावाला जाऊन आलो, एवढाच माझा कॅनडा. मात्र पश्चिम आफ्रिकेतल्या एका जुन्या राज्याचे राजे मी क्रमवार पाठ करून आलोय. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो आणि मग हळूच विषय बदलतो.

खरं तर त्यात नवल वाटण्यासारखं काही नाही. माझी उभी नोकरी वारसांची नावं लिहिण्यात गेली. मी तलाठी होतो. माणूस गेला की त्याच्या जमिनीवर मुलामुलींची नावं चढवायची, आणि मग बहुतेक घरांत महिन्या-दोन महिन्यांनी भाऊ पेढे घेऊन येणार, मागून बहिणी येणार, आणि वडिलांच्या जमिनीत आम्हाला काही नको असं लिहून देणार. त्याला हक्कसोडपत्र म्हणतात. कायद्यानं बहिणीचा वाटा भावाइतकाच असतो. तरी त्या सोडतात, कारण सोडला नाही तर माहेर तुटतं. मग आम्ही सातबाऱ्यावरून त्यांचं नाव "कमी करतो". आमच्या दप्तरातला शब्दच तो आहे.

आता ज्यासाठी गेलो ते सांगतो, लपवण्यात अर्थ नाही. माझे वडील गेल्या वर्षी वारले. अकरा एकर जमीन आणि गावातलं घर यांवर आम्हा दोघांची नावं चढली: माझं आणि शकुंतलाचं. शकू आणि मी जुळी. मी तिच्यापेक्षा वीस मिनिटांनी मोठा, आणि ती वीस मिनिटं मी सदुसष्ट वर्षं मिरवलीत. माझी बायको आधीच गेलेली; माझा मुलगा प्रसाद जमीन बघतो. तो म्हणाला, "अण्णा, आत्याला तिकडं काय कमी हाय? फोनवर नको, समोर बसून सांगा. तुम्ही गेलात की ती नाही म्हणायची नाही." ओटावाच्या भारतीय वकिलातीत तिनं अधिकाऱ्यासमोर सही करायची होती. त्यासाठीची वेळसुद्धा प्रसादनं इथूनच ऑनलाइन घेऊन टाकली होती. कागद माझ्या बॅगेत शेंगाचटणीच्या डब्याखाली होते.

ब्रॉसार्ड, पहिले दिवस

एप्रिल सुरू होता. मला वाटलं होतं पांढरंशुभ्र बर्फ दिसेल. दिसले ते काळपट ढीग, दुकानांच्या आवारात कडेला लोटलेले, खाली मातकट पाणी. शकूनं दारातच बजावलं, "शूज मॅटवर काढ हं. बर्फासाठी टाकलेलं सॉल्ट लागलंय सगळीकडे, माझं फ्लोअर खराब होतं." ती इकडे आल्यावर चाळीस वर्षांनी पहिल्यांदा बहिणीच्या घरात पाऊल टाकलं आणि पहिलं वाक्य हे. मला फार बरं वाटलं. लहानपणी ती शेणानं सारवलेल्या ओसरीवरूनही मला असंच हाकलायची.

शकूचे यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. ते इंजिनिअर होते, लग्नानंतर वर्षभरात तिला इकडे घेऊन आले. ती पुढं गार्डेरीत, म्हणजे पाळणाघरात, पंचवीस वर्षं मुलं सांभाळत होती. त्यामुळे ती फ्रेंच बोलते, तेही लहान मुलांना दटावायच्या सुरात. मुलगी पार पश्चिम टोकाच्या सरे शहरात असते, विमानानं पाच तासांवर. रविवारी व्हिडिओवर बोलते, इंग्रजीत. शकू मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघींना त्यात काही वावगं वाटत नाही.

घर नीटनेटकं, पण शांतता अशी की फ्रिज चालू झालेला कळतो. पहिल्या सकाळी मी सवयीनं दार उघडून बाहेर खुर्ची टाकून बसलो. आमच्याकडे असं बसलं की अर्ध्या तासात चार माणसं चौकशी करून जातात. इथं अर्ध्या तासात दोन गाड्या गेल्या. एकीतल्या माणसानं हात केला तेव्हा मी उठून उभा राहिलो, तोवर तो वळणाच्या पलीकडे गेला होता.

तिसऱ्या दिवशी शकू गाडीचे विंटर टायर बदलून घ्यायला गेली. मी घरी एकटाच होतो. बेल वाजली. दारात सत्तरीच्या एक उंच आफ्रिकन बाई, डोक्याला फुलाफुलांचं कापड बांधलेलं, हातात झाकलेली ताटली. शेजारच्या सेनामीबाई. शकूनं सांगितलं होतं त्यांच्याबद्दल. त्या बेनिन देशातल्या, इथल्या शाळेत शिक्षिका होत्या, आता एकट्या. इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, त्यामुळे आमचं छान जमलं. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, मग आतल्या रिकाम्या घराकडे, मग दोन बोटं एकत्र जुळवून विचारलं, "तू आणि शकू? ट्विन?" मी मान डोलावली. त्यांनी छातीवर हात ठेवला, कपाळाला लावला, आणि ताटली माझ्या हातात देऊन निघून गेल्या.

ताटलीत आठ वडे होते. चवळीचे, बारीक वाटलेले, बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ, थोडे तिखट. आमच्याकडे चवळीची उसळ करतात, वडे नाही करत. मी एक खाल्ला. मग दुसरा शेंगाचटणीबरोबर खाऊन बघितला. पुढचं सांगायला नको. शकू आली तेव्हा ताटलीत तेलाचे डाग होते.

संध्याकाळी सेनामीबाईंनी कुंपणावरून विचारलं, वडे कसे झाले होते. शकू म्हणाली, कोणते वडे? मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. सेनामीबाईंनी दोन्ही हात डोक्याला लावले आणि फ्रेंचमध्ये मला असं काही झाडलं की शब्द एक न कळता मी खाली बघायला लागलो. शकू हसून हसून कुंपणाला टेकली.

"काय म्हणतायत?"

"अरे, त्यांच्याकडे जुळ्यांना द्यायचं ते सारखंच द्यायचं असतं. एकाला चार तर दुसऱ्याला चार, एकाच वेळी. एकाचं दुसऱ्यानं खाल्लं तर घराला लागतं म्हणे. त्या म्हणतायत, जो बहिणीचा वाटा खाऊन बसलाय, त्याला सांग माफी माग."

"माग की," मी म्हणालो.

"मी नव्हे, तू! माझी!"

मग मी कॅनडातल्या एका परसात, शेजारणीच्या देखरेखीखाली, सख्ख्या बहिणीची वड्यांबद्दल हात जोडून माफी मागितली. सेनामीबाई आत गेल्या आणि आठ वडे तळूनच बाहेर आल्या, चार तिच्या हातात, चार माझ्या. मी पोट धरून ते चारही खाल्ले. बॅगेतल्या कागदांची त्या रात्री मला पहिल्यांदा लाज वाटली, पण लाज वाटली म्हणून कुणी तिकीट रद्द करत नाही.

सेनामीबाईंची भिंत

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे, पानात बांधून शिजवलेले गोळे होते, त्याला अकासा म्हणतात. सोबत हिरव्या पालेभाजीचं घट्ट कालवण. चव किंचित आंबट, आपल्या ज्वारीच्या आंबिलीची आठवण व्हावी अशी. दोन ताटं एकदम वाढली गेली, दोन्हींतले गोळे त्यांनी नजरेनं तोलले. शकूनं एक जास्त मागितला तेव्हा मला भूक नसताना घ्यावा लागला.

जेवणघराच्या भिंतीवर एक काळं कापड टांगलेलं होतं, माणसाच्या उंचीएवढं. त्यावर रंगीत कापडाची चित्रं कातरून शिवलेली: निळीचा रांजण, मासा, सरडा, शिडाचं गलबत, सदरा घातलेला रेडा, चिमणी, अननस, सिंह, शार्क मासा. मला वाटलं नातवंडांसाठी असेल.

"हे आमचे राजे," सेनामीबाई म्हणाल्या. शकू भाषांतर करत होती. "दाहोमेचे. गोऱ्यांनी राज्य घ्यायच्या आधीचे. अबोमे आमची राजधानी, माझं गाव तेच. एक चित्र म्हणजे एक राजा."

इतकं ऐकल्यावर माझ्यातला तलाठी जागा झाला. मी विचारलं, "बाप गेला की वारस कोण? थोरला मुलगा?"

"नेहमी नाही. राजा जिवंत असतानाच एका मुलाचं नाव सांगून ठेवायचा. पण तो गेला की बाकीचे भाऊ उठायचे. राजवाड्यातल्या बायका आणि मोठे मंत्री ज्याच्या बाजूला, तो बसायचा."

"म्हणजे मृत्युपत्र असतं, पण हरकती येतात," मी म्हणालो. शकूनं ते कसं सांगितलं देव जाणे, सेनामीबाईंनी मला टाळी दिली.

त्या सांगत गेल्या. रोज पहाटे एक माणूस घंटा वाजवत राजवाड्याभोवती फिरायचा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या राजांची नावं म्हणायचा. त्याचं एक नाव चुकलं तर त्याचा जीव जायचा, असं म्हणतात. मी म्हणालो, आमच्याकडे नाव चुकलं तर अर्ज घेतात. मग मी कापडासमोर उभा राहून त्यांच्यामागून नावं म्हणायला लागलो. वेग्बाजा, मासा. अकाबा, सरडा. अगाजा, गलबत. पोरासारखा मी ती घोकली. इतक्या वर्षांत कुणाची वंशावळ इतक्या आनंदानं म्हटली नव्हती.

सरड्यापाशी आणि गलबतापाशी आलो तेव्हा सेनामीबाईंनी दोन्हींच्या मधे बोट ठेवलं. तिथं काहीच नव्हतं, नुसतं काळं कापड.

"इथं एक आहे," त्या म्हणाल्या.

अकाबा एकटा जन्मला नव्हता. त्याची जुळी बहीण होती, हांगबे. जुळ्यांना सारखं द्यायचं, मग गादी एकालाच कशी देणार? म्हणून दोघांना एकत्र बसवलं, असं त्यांच्या घरात सांगतात. पुढं लढाईच्या दिवसांत अकाबा गेला. सैन्य बिथरेल म्हणून बहिणीनं त्याचे कपडे घातले आणि त्याच्या जागी उभी राहिली. चेहरा तोच. मग काही वर्षं तिनं राज्य चालवलं. नंतर धाकटा भाऊ अगाजा आला, गादी त्याच्याकडे गेली, आणि पहाटेच्या माणसाला सांगण्यात आलं की ते नाव म्हणायचं नाही.

"हे कापड ज्यानं शिवलं, त्याला ठाऊक नव्हतं?" मी विचारलं.

"होतं की. पण शिवणाऱ्याला यादी मिळते. यादीत आहे तेवढं तो शिवतो."

मी पाणी मागितलं.

"पण ती गेली नाही कुठं," सेनामीबाई पुढं म्हणाल्या. "राजवाड्याला लागून तिचं आवार आहे. तिच्या घराण्यातल्या एका बाईला तिच्या नावानं बसवतात. ती वारली की दुसरीला. आजही आहे. मी लहानपणी तिच्या पाया पडलेय. ती 'हांगबेनं असं केलं' असं नाही म्हणत. म्हणते, 'मी असं केलं.'"

"म्हणजे नोंद नाही, पण ताबा आहे," मी म्हणालो. माझा आवाज जरा विचित्र निघाला असावा, कारण शकूनं भाषांतर न करता माझ्याकडे बघितलं.

मला सुभद्राबाई आठवत होत्या. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला, चावडीत, तीन भावांच्या मागं उभ्या असलेल्या. अंगठा उठवण्याआधी त्यांनी विचारलं होतं, "भाऊसाहेब, हितनं म्होरं माझं नाव कुठंच न्हाई का?" मी म्हणालो होतो, "भावांच्या मनात राहील की, मावशी." सगळे हसले होते. हे उत्तर मला फार आवडलं होतं. पुढं कितीतरी बहिणींना मी ते ऐकवलं, आणि माझ्या सज्जात, म्हणजे माझ्याकडच्या गावांत, बहीण-भावांचा एकही दावा नाही म्हणून साहेबांनी माझं कौतुक केलं. मला जशी यादी मिळाली तशी मी शिवत गेलो.

निघताना सेनामीबाईंनी गर्द निळं, केशरी मोरपिसांचं कापड काढलं, मधोमध कातरलं, आणि अर्धं तिला, अर्धं मला दिलं.

शकूचं स्वयंपाकघर

दुसऱ्या दिवशी सकाळी शकू ओट्यापाशी धपाटे थापत होती. मी ठरवून ठेवलेलं वाक्य तिसऱ्यांदा गिळलं तेव्हा तीच म्हणाली, "शुक्रवारची अपॉइंटमेंट आहे ना? लवकर निघू या. हायवेला कन्स्ट्रक्शन आहे."

मी चहाचा कप ओट्यावर ठेवला.

"चटणीचा डबा मीच काढला ना तुझ्या बॅगेतून, पहिल्याच दिवशी. खाली पेपर्स होते. वाचले मी." तिनं धपाटा तव्यावर टाकला. "तू कधी विचारतोस याची वाट बघत होते. किती दिवस लावलेस रे."

"मग, तुझं काय म्हणणं आहे?"

"माझं काय म्हणणं असणार? सही करायची. सगळ्याच करतात."

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं माझ्या ताटात पहिला धपाटा वाढला आणि वर लोणी घातलं, आणि मी तो खाल्ला.

ओटावा

ओटावा इथून दोन-अडीच तास. नवे टायर छान पळत होते. वाटेत सपाट शेतं, अजून नांगरलेली नाहीत, सखल जागी बर्फाचं पाणी साचलेलं. शकू गाडी चालवते ते मी पहिल्यांदाच नीट बघितलं. आरसा, सिग्नल, मान वळवून एक नजर, मग लेन बदलायची. आमच्या गावात तिला सायकल शिकू दिली नव्हती. मला दिली होती. मी तिला मागं बसवून शाळेत न्यायचो, आणि त्या मोठेपणावरही मी बरीच वर्षं जगलो.

वेळेच्या दीड तास आधी पोचलो. शहराच्या मधून एक कालवा जातो. हिवाळ्यात तो गोठतो आणि लोक त्यावरून घसरत कामाला जातात म्हणे. आत्ता त्यात तळाला थोडं पाणी आणि गाळ होता, आपल्या उजनीच्या कालव्याला मे महिन्यात असतो तसा. कठड्याजवळच्या बाकावर बसून आम्ही धपाटे खाल्ले. गार वारा होता. ती पुष्कळ बोलली: बाबा कसे आंब्याच्या मोजून फोडी करायचे, आईनं शेवटच्या पत्रात काय लिहिलं होतं. एका शब्दानंही तिनं कागदांचा विषय काढला नाही.

वकिलातीच्या प्रतीक्षागृहात वीसेक माणसं होती. शिकायला आलेली पोरं, व्हिसासाठी आलेलं एक गोरं जोडपं, दोन पंजाबी आजोबा. शकूनं चष्मा लावून कागद मांडीवर घेतले. मी तिच्या खांद्यावरून वाचत होतो. हा मसुदा मला तोंडपाठ आहे. "माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय." हे वाक्य मी किती जणींना मोठ्यानं वाचून दाखवलंय. तेव्हा भाऊ शेजारीच उभे असायचे. आज तिच्या शेजारी मी होतो.

फोन थरथरला. प्रसाद. "अण्णा, नंबर लागला का?"

"लागेल आता."

"आत्या ठीक हाय ना? रडलीबिडली नाही ना?"

"नाही. प्रसाद, ऐक. सही होणार नाही. सातबाऱ्यावर दोन नावं आहेत, ती दोनच राहतील."

पलीकडे त्यानं दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग, "आत्या नाही म्हणाली?"

"ती हो म्हणतेय. मी नाही म्हणतोय."

"अण्णा, तुम्ही आयुष्यभर लोकांच्या बहिणींकडनं..."

"हो," मी म्हणालो. "म्हणूनच." आणि फोन ठेवला. तो परत करणार हे ठाऊक होतं म्हणून बंदच करून टाकला.

मला वाटलं होतं शकूला बरं वाटेल. खोटं कशाला बोलू, मला थोडं कौतुकही हवं होतं. पण ती पांढरी पडली होती.

"हे काय केलंस?" ती म्हणाली. "त्याला काय वाटेल आता? आत्यानं शिकवलं म्हणेल."

"मी सांगेन त्याला."

"तू किती दिवस सांगशील, दत्तू? आपण सदुसष्टचे आहोत." तिनं कागद मांडीवर उलटे ठेवले. "आई नाही, बाबा नाहीत, वहिनी गेली. माझ्या घरात कुणी नाही बोलायला. वर्षभर मी एक गोष्ट धरून असते, की दिवाळीत गावी जायचं. सही दिली असती तर प्रसाद म्हणाला असता, आत्या ये. त्याच्या बायकोनं चार दिवस प्रेमानं केलं असतं. मला जमीन काय करायचीय? मी काय ज्वारी पेरणार आहे? मला फक्त यायचं असतं रे तिथं." शेजारच्या पंजाबी आजोबांनी मान दुसरीकडे वळवली. ती आता रडत होती, आवाज न करता, गार्डेरीतल्या बाईनं मुलांसमोर रडावं तसं. "भांडण घेऊन मी कुणाच्या घरी उतरू?"

खिडकीवरच्या पाटीत आमचा क्रमांक उजळला. आतल्या बाईनं तो हिंदीत पुकारला. शकू उठायला लागली. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. आम्ही बसलोय हे पाहून खिडकीतल्या बाईनं पुढचा क्रमांक घेतला.

"तुझ्या घरी उतर," मी म्हणालो. "गावच्या घरातल्या पूर्वेकडच्या दोन खोल्या तुझ्या. चूल वेगळी मांड. आणि भाऊबीजेला मी आतून चालत तुझ्याकडे येईन, ओवाळून घ्यायला. आजवर कधी आलोय का मी तुझ्या घरी ओवाळून घ्यायला?"

मग पदर नव्हता म्हणून जॅकेटच्या बाहीनं तिनं नाक पुसलं.

"आतून कसा येशील?" ती म्हणाली. "मधे भिंत आहे."

"मग भिंतीत दार पाडू की," मी म्हणालो.